अकरा नंबरची जर्सी

पत्र : "मी ठाण्याचा निवृत्त बँक अधिकारी. गेली चार वर्षे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावी मुलाकडे राहतो. बारा वर्षांच्या नातवाने मला बेसबॉल शिकवला आणि आम्ही दोघे मिळून बॉस्टन रेड सॉक्सचे सामने पाहू लागलो. १५ जून २०२५ ला संघाने रफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला देऊन टाकले. त्याच रात्री नातवाने त्याची अकरा नंबरची जर्सी दानाच्या कपड्यांच्या पिशवीत टाकली. आता मी सामने पाहणार नाही, असे तो म्हणतो. पण पाण्याचा पेला हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि तिथूनच पाहतो. रात्री पांघरुणात फोन घेऊन संघातला जॅरन ड्युरान जाणार की राहणार, याच्या अफवा वाचतो. नवा खेळाडू क्रिस्टियन कॅम्बेल याचा खेळ संपला, असेही म्हणतो. बाबाने 'इट्स बिझनेस' म्हटल्यावर तो रडला. माझ्या नोकरीत सहा बदल्या झाल्या, पण असा प्रकार मी पाहिला नाही. संघाने आपला सर्वांत चांगला फलंदाज का द्यावा? या अफवांत खरे किती असते? आणि मी त्याला काय सांगू?" — एक आजोबा

आदरणीय आजोबा,

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या पाण्याच्या पेल्यापाशी थांबले. ज्याचे मन खरोखर उडाले आहे, तो मुलगा खोलीत जाऊन दार लावून घेतो. तुमचा नातू दारात उभा राहतो, याचा अर्थ त्याला अजून पाहायचे आहे. डेव्हर्स गेल्यानंतरही संघ खचला नाही, उलट ऑल-स्टार सामन्यासाठी हंगामाच्या मध्यावर मिळणाऱ्या विश्रांतीपूर्वी त्याने सलग १० सामने जिंकले, आणि माझा अंदाज असा आहे की त्या विजयांचा आनंद होतो याचीच तुमच्या नातवाला लाज वाटते आहे. आपण टाळी वाजवली तर डेव्हर्सशी बेइमानी होईल, अशी त्याची समजूत झाली असावी. त्यामुळे त्याला समजावण्याची सुरुवात हिशेबापासून न करता या लाजेपासून करायला हवी. पण हिशेब ठाऊक असल्याशिवाय तुम्हाला त्याच्याशी नीट बोलता येणार नाही, म्हणून आधी तो मांडते.

तुम्ही बदल्यांचा उल्लेख केला आहे, तोच धागा धरते. तुमची बदली ठाण्याहून लातूरला झाली असती तरी बँक तीच राहिली असती. बेसबॉलमधल्या ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, बँकच बदलते, आणि पगाराचा करार जसाच्या तसा नव्या बँकेच्या गळ्यात पडतो. खेळाडूची संमती लागत नाही. ज्याची मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, १० वर्षे झाली आहेत आणि त्यांतली शेवटची ५ त्याच संघात गेली आहेत, किंवा ज्याने करारातच तशी अट घालून घेतली आहे, त्यालाच नकार देता येतो. डेव्हर्स २०१७ मध्ये पहिल्यांदा बॉस्टनसाठी खेळला, म्हणजे त्याची १० वर्षे भरली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये त्याने १० वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला होता आणि त्यातले उरलेले २५ कोटींहून अधिक डॉलर आता सॅन फ्रान्सिस्को जायंट्स देणार आहेत. बदल्यात बॉस्टनला जॉर्डन हिक्स आणि काइल हॅरिसन हे दोन पिचर, म्हणजे गोलंदाज, तसेच जेम्स टिब्स आणि होसे बेयो हे दोन होतकरू खेळाडू मिळाले.

पण पैसा हे एकच कारण नव्हते. या वसंतात संघाने अ‍ॅलेक्स ब्रेग्मनला आणले, डेव्हर्सची थर्ड बेसवरच्या क्षेत्ररक्षणाची जागा त्याला दिली आणि डेव्हर्सने फक्त फलंदाजी करावी असे ठरवले. मे महिन्यात ट्रिस्टन कसासचा गुडघा दुखावला, तेव्हा त्याच डेव्हर्सला फर्स्ट बेसवर उभे राहशील का, असे विचारले गेले. त्याने उघडपणे नाही म्हटले. संघाचे मालक जॉन हेन्री स्वतः कॅन्सस सिटीपर्यंत जाऊन त्याला भेटले, तरी गाठ सुटली नाही. माझे मत विचाराल तर चूक दोन्हीकडे आहे आणि मोठी चूक संघाची आहे. ज्याला १० वर्षांसाठी घरचा माणूस म्हणून बांधून घेतले, त्याला त्याची जागा जात असल्याचे आधी विश्वासात घेऊन सांगायला हवे होते. हे मत तुम्ही नातवासमोर मोकळेपणाने मांडा. मोठी माणसे नेहमी संघाचीच बाजू घेतात असे त्याला वाटू लागले, तर तो तुमच्याशी या विषयावर बोलायचे सोडून देईल.

'इट्स बिझनेस' हे वाक्य खोटे नाही, पण बारा वर्षांच्या मुलाला ते 'तुझ्या रडण्याला काही किंमत नाही' असे ऐकू येते. तुमच्या सहा बदल्यांपैकी एखाद्या वेळी तुमच्या मुलाला चालू वर्षात शाळा आणि सवंगडी सोडावे लागले असतील, तर ती गोष्ट त्याने स्वतः नातवाला सांगावी, असे मला मनापासून वाटते. डेव्हर्सविषयी बाबाने आणखी काहीही बोलण्याची गरज नाही. तेवढी एक गोष्ट पुरेल. आपल्याकडच्या चाहत्यांनाही हे दुःख अनोळखी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माचे कर्णधारपद गेले आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. तिथे तर मोठी माणसे होती.

आता अफवांकडे वळते, कारण रात्रीची झोप त्या खात आहेत. १५ जूनच्या रविवारी दुपारी डेव्हर्सने घरच्या फेनवे पार्कवर न्यू यॉर्क यँकीज या संघाविरुद्ध होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला, बॉस्टनने मालिकेतले तिन्ही सामने जिंकले आणि काही तासांत तो बॉस्टनचा उरला नाही. या हंगामातला हा सर्वांत मोठा सौदा असेल, आणि तो बहुतेकांच्या कानांवर आधी आलाच नव्हता. याच्या नेमकी उलट गोष्ट २९ जुलै २०१५ ची आहे, आणि ती नातवाला अवश्य सांगा. न्यू यॉर्क मेट्सचा विल्मर फ्लोरेस हा व्हेनेझुएलाचा मुलगा वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्याच संघटनेत वाढला होता. सामना चालू असतानाच त्याला मिलवॉकीला दिल्याची बातमी पसरली. प्रेक्षकांनी ती आपापल्या फोनवर वाचली आणि तो बॅटिंगला आला तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याला मात्र टाळ्या कशासाठी ते कळेना. कळले तेव्हा तो शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, जागेवर उभा राहून बाहीने डोळे पुसत राहिला, आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. आणि तो सौदा झालाच नाही! वैद्यकीय कागदपत्रे तपासताना बोलणी मोडली. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, बाराव्या इनिंगमध्ये, म्हणजे डावात, त्याच फ्लोरेसने सामना जिंकून देणारा होम रन मारला आणि घरच्या बेसकडे धावत येताना छातीवरचे 'मेट्स' हे नाव मुठीत धरून हलवून दाखवले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की अफवेची जात कळते. बातमी जितकी जास्त चघळली जाते तितका सौदा जवळ आला, असे काही नसते. प्रत्येक संघ प्रत्येक चांगल्या खेळाडूची चौकशी करतो. चौकशी करायला पैसे पडत नाहीत. ती चौकशी बाहेर कोण पोचवतो, हे पाहावे. कधी खेळाडूचा एजंट भाव वाढवण्यासाठी पोचवतो, कधी समोरचा संघ दुसऱ्या कुणावर दडपण आणण्यासाठी, आणि कधी खुद्द आपलाच संघ बाजारात काय किंमत येते ते पाहण्यासाठी. ड्युरानचे नाव पुढे येण्यामागे मात्र एक साधे गणित आहे. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, जागा तीन आहेत आणि बॉस्टनकडे ड्युरान, विल्यर अब्रेयू, सेडान राफेला आणि रोमन अँथनी असे चार जण आहेत. शिवाय ड्युरान २०२८ पर्यंत संघाच्या ताब्यात आहे, त्यामुळे त्याला घेणाऱ्याला तीन वर्षांहून अधिक काळ खेळाडू मिळेल. ज्याला मागणी आहे त्याचेच नाव अफवेत येते, ज्याला कुणी विचारत नाही त्याचे येत नाही, हे नातवाच्या लक्षात आणून दिले तरी अफवेची धार थोडी कमी होईल.

तुम्ही बँकेतले, म्हणून एक उपाय सुचवते. एक वही घ्या आणि रोजकीर्द लिहावी तशी अफवांची नोंद दोघांनी मिळून ठेवा. तारीख, खेळाडूचे नाव, बातमीतले नेमके क्रियापद, आणि शेवटचा रकाना कोरा. 'चौकशी केली', 'रस दाखवला', 'बोलणी चालू आहेत', 'तत्त्वतः ठरले', 'वैद्यकीय तपासणी बाकी', 'संघाने जाहीर केले' या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि मथळा वाचणाऱ्याला त्या सगळ्या एकच वाटतात. आज २१ जुलै २०२५ आहे. ३१ जुलैला संध्याकाळी सहा वाजता संघांनी आपसांत असे सौदे करण्याची यंदाची मुदत संपेल, तेव्हा कोरा रकाना भरा. किती नोंदी 'झाले नाही' या सदरात गेल्या ते मुलगा स्वतःच्या हाताने लिहील, आणि त्यानंतर पांघरुणातला फोन आपोआप कमी होईल अशी मला आशा आहे. तोवर फोन हिसकावून घेऊ नका; रात्री नऊनंतर घरातल्या सगळ्यांचे फोन, तुमचासुद्धा, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागतील एवढा नियम करा.

होतकरू खेळाडूंचा, म्हणजे ज्यांना इथे प्रॉस्पेक्ट म्हणतात त्यांचा, प्रश्न जास्त अवघड आहे आणि मला त्यात जास्त रस आहे. संघ आज हाती असलेला मोठा खेळाडू देतो आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांवर भरवसा ठेवतो, तेव्हा तो खरे तर वर्षे विकत घेत असतो. नव्या खेळाडूला साधारण सहा वर्षे आपला संघ सोडून मोकळ्या बाजारात जाता येत नाही, आणि सुरुवातीला त्याला किमान वेतनावर, म्हणजे २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलरवर, खेळवता येते. डेव्हर्सचे वर्षाचे सरासरी ३ कोटींहून अधिक डॉलर त्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. गणित कागदावर बिनतोड आहे. मात्र ही मुले पुढे काय होतील, ते कागद सांगत नाही.

बॉस्टनला हे दोन्ही बाजूंनी भोगावे लागले आहे. ऑगस्ट १९९० मध्ये संघाने लॅरी अँडरसन नावाच्या अनुभवी पिचरसाठी मायनर लीगमधला, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्पर्धेतला, जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. अँडरसन बॉस्टनकडून २२ इनिंग टाकून गेला, तर बॅगवेलने ४४९ होम रन मारले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये पोचला. सात वर्षांनी, ३१ जुलै १९९७ रोजी, बॉस्टनने हीथक्लिफ स्लोकम हा पिचर सिअ‍ॅटलला दिला आणि त्याच्या बदल्यात डेरेक लो आणि जेसन व्हॅरिटेक ही दोन तरुण मुले मिळवली. २००४ च्या विजेत्या संघाचे ते दोघे आधारस्तंभ ठरले. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्स लॉस एंजेलिसला गेला. तो सौदा मला आजही सलतो. २०१८ चा सर्वोत्तम खेळाडू दिला, आणि बदल्यात आलेल्यांत भविष्यातला तारा म्हणून ज्याचे कौतुक झाले तो जीटर डाउन्स बॉस्टनकडून एकूण १४ सामने खेळून निघून गेला. बेट्सने त्याच वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सना विजेतेपद मिळवून दिले. तुमच्या नातवाने डेव्हर्सच्या बाबतीत हीच भीती बोलून दाखवली, तर ती बालिश समजू नका, तिला आधार आहे.

मात्र त्याला दुसरी बाजूही दाखवा. पिचर गॅरेट क्रोशेने तीन स्ट्राइकमध्ये फलंदाज बाद केला, म्हणजे स्ट्राइकआउट घेतला, की प्रत्येक वेळी नातू टाळी वाजवत असेल. तो क्रोशे गेल्या डिसेंबरमध्ये शिकागोहून आला, आणि त्याच्यासाठी बॉस्टनने काइल टील या, नवोदितांच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलेल्या, कॅचरसह (पिचरचा चेंडू झेलणारा) चार होतकरू खेळाडू दिले. म्हणजे गेल्या हिवाळ्यात शिकागोतल्या कुठल्या तरी घरात एखाद्या मुलाने क्रोशेची जर्सी अशीच पिशवीत टाकली असणार. बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट पटते. मी पाहिले आहे.

कॅम्बेल संपला, हे वाक्य मात्र तुम्ही चालू देऊ नका. तो एप्रिलच्या शेवटी मेजर लीगच्या अमेरिकन लीग या गटातला महिन्याचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता, संघाने त्याच्याशी ८ वर्षांचा करारही केला, आणि मग मे महिन्यात बॅट बंद पडली व जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला वॉर्सेस्टरच्या ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालच्या, संघात पाठवले गेले. असे का होते? नवा फलंदाज पहिल्या फेरीत पिचर लोकांना अनोळखी असतो. मग ते त्याची चित्रफीत पाहतात, आतल्या बाजूच्या वेगवान चेंडूवर त्याचे हात अडकतात हे हेरतात आणि त्याच जागी चेंडू टाकत राहतात. आता उत्तर शोधण्याची पाळी त्या मुलाची असते, आणि त्याला वेळ लागतो. हंगाम १६२ सामन्यांचा आहे. दहांत तीनदा यशस्वी होणाऱ्यालाही इथे उत्तम फलंदाज म्हणतात. एका महिन्यावरून देव ठरवू नये, तसे दुसऱ्या महिन्यावरून दगडही ठरवू नये. डस्टिन पेड्रोयाची एप्रिल २००७ मधली सरासरी २०० च्याही, म्हणजे दहांत दोन यशांच्याही, खाली होती आणि त्याला बसवा अशी ओरड बॉस्टनभर चालली होती. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

आता त्या लाजेविषयी, जिच्यापासून मी सुरुवात केली. २००४ मध्ये माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याचे सगळे जग नोमार गार्सियापारा नावाच्या शॉर्टस्टॉपभोवती फिरत होते. ३१ जुलैला संघाने नोमारला शिकागो कब्स या संघाला दिले. मुलाने भिंतीवरचे पोस्टर काढले, गुंडाळून रबर लावले आणि कपाटाच्या तळाशी ठेवले, आणि दोन महिने तो आमच्याबरोबर सामना पाहायला बसला नाही. ऑक्टोबरमध्ये अंतिम फेरी गाठण्याच्या मालिकेत यँकीजविरुद्ध संघ तीन सामन्यांनी मागे होता. चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये डेव्ह रॉबर्ट्सने सेकंड बेस चोरला, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता धावत जाऊन तो गाठला. हा रॉबर्ट्सही त्याच ३१ जुलैला संघात आला होता. त्या क्षणी मागे काही तरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी वळून पाहिले, तर मुलगा जिन्याच्या पायरीवर उभा होता आणि त्याच्या हातातले पुस्तक खाली पडले होते. तो कधीपासून तिथे होता कुणास ठाऊक. मी काही बोलले नाही, सोफ्यावर जागा केली. ८६ वर्षांनी विजेतेपद आले त्या रात्री तो आनंदाने ओरडला आणि मग रडू लागला, कारण नोमार तिथे नव्हता. तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले की दोन्ही एकाच वेळी वाटू शकते आणि दोन्ही खरे असते. तो कॉलेजला गेल्यावर कपाट आवरताना ते पोस्टर सापडले. रबर वितळून कागदाला चिकटले होते. ते मी तसेच ठेवले आहे.

म्हणून ती जर्सी अजून पिशवीत असेल तर आजच बाहेर काढा. धुऊन, घडी करून तुमच्या कपाटात ठेवा आणि नातवाला सांगा की ती आजोबांकडे आहे, हवी तेव्हा मागून घे. घालण्याचा आग्रह करू नका. डेव्हर्सने बॉस्टनसाठी २१५ होम रन मारले, ते आता कुठल्याही सौद्यात जाणार नाहीत, हेही सांगायला हरकत नाही. तो दारात उभा राहील तेव्हा 'आत ये' म्हणू नका. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात एखादा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ, हा पिचर आता का बदलला? तुम्हाला बेसबॉल त्यानेच शिकवला आहे, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय त्याला राहवणार नाही.

३१ जुलैला संध्याकाळी दोघांनी एकत्र बसा. सहा वाजल्यानंतरही काही वेळ बातम्या येत राहतात, कारण मुदतीत झालेले सौदे जाहीर व्हायला वेळ लागतो. म्हणून सहा वाजता सुटकेचा निःश्वास टाकू नका, सावकाश जेवा आणि मग वही उघडा. ड्युरान गेलाच, तर त्या संध्याकाळी त्याला काहीही समजावू नका. गणित दुसऱ्या दिवशीही तेच असेल.

त्याआधी मात्र एक काम करा. श्रूजबरीहून वॉर्सेस्टर म्हणजे अगदी शेजारचे गाव. तिथल्या पोलर पार्कवर घरचा सामना कधी आहे ते पाहून नातवाला घेऊन जा, आणि सामना सुरू होण्याच्या पुष्कळ आधी आत शिरा. त्या संघाच्या बोधचिन्हावरचा हसरा चेहरा कुठून आला, हे नातवाला विचारा. तो चेहरा १९६३ मध्ये वॉर्सेस्टरच्याच हार्वी बॉलने काढला होता. फर्स्ट बेसच्या बाजूला कठड्याजवळ उभे राहा. कॅम्बेलला आता फर्स्ट बेसची जागाही शिकायची आहे, तीच जागा जिच्यावरून डेव्हर्सचे बिनसले. सरावात कुणी तरी त्याच्याकडे जमिनीलगत चेंडू मारत असेल आणि तो वाकून ते झेलत असेल. नातवाला पेन्सिल द्या आणि त्याने किती पकडले, किती सुटले, ते त्यालाच मोजू द्या.